जुनी पिकअप : किंमत आणि जबाबदारी

ग्रामीण महाराष्ट्राच्या अर्थव्यवहारात पिकअप या मालवाहू वाहनाने गेल्या दोन दशकांत महत्त्वाचे स्थान मिळविले आहे. नारायणगावच्या बाजारातील टोमॅटो, लासलगावकडे जाणारा कांदा, हर्णै बंदरावरून निघणारी मासळी, या सर्वांच्या वाहतुकीत तिचा मोठा वाटा आहे. मोठा ट्रक भरेल इतका माल लहान शेतकऱ्याकडे नसतो आणि बैलगाडीने दूरची बाजारपेठ गाठता येत नाही. ही उणीव पिकअपने भरून काढली.

नवे वाहन प्रत्येकाला परवडते असे नाही. त्यामुळे काही वर्षे वापरलेली पिकअप घेण्याकडे अनेकांचा कल असतो. अशा वाहनधारकांच्या अनुभवावरून एक गोष्ट ध्यानात येते. खरेदीची किंमत हा केवळ पहिला खर्च होय. इंजिनाची दुरुस्ती मिस्त्री करून देतो. परंतु अपुरे कागद, अतिभार आणि हौद्यातील प्रवासी यांतून उद्भवणारे संकट कोणत्याही गॅरेजमध्ये दुरुस्त होत नाही.

पूर्वायुष्याची पारख

जुने वाहन पाहताना रंगरंगोटीपेक्षा त्याचे पूर्वायुष्य पाहणे अगत्याचे असते. मासळी वाहिलेल्या गाडीच्या हौद्यात बर्फाचे खारे पाणी सतत झिरपत राहते आणि पत्रा खालून गंजतो. वाळू किंवा विटा वाहिलेल्या गाडीचे पाटे दबलेले असतात. मूळ पाट्यांत जादा पाटा घातलेला असणे किंवा चासीवर वेल्डिंगचे जोड दिसणे, ही गाडीने दीर्घकाळ अतिभार वाहिल्याची लक्षणे समजावीत. चारही टायरांची झीज सारखी नसेल, तर चासी किंवा पुढील भागातील दोष संभवतो. इंजिन थंड असतानाच सुरू करून पाहावे आणि गाडी चढावर चालवून धूर व क्लच तपासावा, असा जाणत्या वाहनधारकांचा सल्ला असतो. परिचयाच्या मिस्त्रीस सोबत नेण्याचा खर्च पुढील नुकसानीच्या मानाने अल्पच ठरतो.

नावावर नसलेली गाडी

सातबारा पाहिल्याशिवाय कोणी शेतजमीन विकत घेत नाही. गाडीच्या बाबतीत मात्र स्टॅम्पपेपरवरील करार आणि किल्ली हाती आली की व्यवहार पूर्ण झाला, असे पुष्कळांना वाटते. मोटार वाहन अधिनियम, 1988 मधील कलम 50 प्रमाणे मालकी हस्तांतरणाची सूचना नोंदणी प्राधिकाऱ्यास देणे आवश्यक आहे. राज्यांतर्गत व्यवहारात विकणाऱ्याने 14 दिवसांत आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत ती द्यावयाची असते. त्यासाठी नमुना 29 व नमुना 30 भरावे लागतात. गाडीवर कर्जाचा बोजा असल्यास तो उतरविण्यासाठी वित्तसंस्थेच्या संमतीसह नमुना 35 लागतो.

या नोंदीचे महत्त्व सर्वोच्च न्यायालयाच्या 2018 मधील एका निर्णयावरून स्पष्ट होते. एक मोटार एकामागून एक अनेकांनी खरेदी केली. परंतु नोंदणी मूळ मालकाच्याच नावे राहिली. पुढे अपघात झाला, तेव्हा ज्याच्या नावे नोंदणी आहे त्यालाच मालक मानून नुकसानभरपाईस जबाबदार धरण्यात आले. म्हणजेच गाडी विकून पैसे घेतले तरी नोंद बदलेपर्यंत विकणाऱ्याची सुटका होत नाही. घेणाऱ्याच्या दृष्टीने विम्याची बाब महत्त्वाची आहे. विमापत्रावर आपले नाव लावून घेण्यासाठी कलम 157 अन्वये त्याने 14 दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करावयाचा असतो.

गाडीवर पूर्वीचे दंड थकीत आहेत काय, कर कोठपर्यंत भरला आहे आणि पासिंगची मुदत केव्हा संपते, हे परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर व्यवहारापूर्वीच पाहता येते. मालवाहू वाहनाचे पासिंग 8 वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, तर त्यानंतर दरवर्षी करावे लागते. जुनी गाडी घेणाऱ्याने हा खर्च हिशेबात धरलाच पाहिजे. एकूण भारित वजन 3,000 किलोपेक्षा अधिक नसलेल्या मालवाहू वाहनास परवाना लागत नाही. त्याहून अधिक वजनाच्या पिकअपला तो लागतो. चालकाच्या लायसन्सविषयीचा संभ्रम मात्र आता दूर झाला आहे. हलक्या मोटार वाहनाचे लायसन्स असलेला चालक 7,500 किलोपर्यंतचे मालवाहू वाहन चालवू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर 2024 मध्ये स्पष्ट केले.

भाराचे गणित

नोंदणीपत्रात भारित वजन व रिकामे वजन असे दोन आकडे असतात. पहिल्यातून दुसरा वजा केला असता, चालक व सोबतच्या माणसांसह गाडीने किती भार न्यावयाचा, हे समजते. हा भार 1,500 किलो मानला आणि माणसांचे 150 किलो वजा केले, तर 50 किलोच्या 27 गोण्या होतात. प्रत्यक्षात एका खेपेत चाळीस गोण्या नेण्याचा मोह होतो. कारण एक खेप वाचली की डिझेल वाचले, असे वाटते. हा लाभ दिखाऊ आहे. अतिभाराने पाटे, टायर, ब्रेक आणि क्लच अकाली निकामी होतात आणि घाटाच्या उतारावर ब्रेक तापून त्यांची पकड कमी होते. शिवाय 2019 च्या सुधारणेनंतर कायद्यात अतिभारासाठी 20,000 रुपये आणि जादा प्रत्येक टनास 2,000 रुपये अशा दंडाची तरतूद आहे.

खर्चाचा दुसरा दुर्लक्षित भाग म्हणजे रिकामी परतफेरी. बाजार 60 किलोमीटरवर असेल, तर गाडी 120 किलोमीटर धावते. लिटरला 12 किलोमीटर धरल्यास 10 लिटर डिझेल लागते. त्यातील निम्मे उत्पन्नाविना खर्ची पडते. परतताना खते, पशुखाद्य किंवा किराणा माल आणणाऱ्यांची गाडी म्हणूनच अधिक किफायतशीर ठरते. प्रत्येक फेरीचे डिझेल, भाडे व दुरुस्ती एका वहीत टिपून ठेवणाऱ्यास, गाडी आपणास पोसते की आपण गाडीला, हे वर्षाअखेर कळते.

हौद्यातील माणसे

लग्नाचे वऱ्हाड, यात्रेकरू, मजूर आणि प्रसंगी शाळेची मुलेही हौद्यात बसविली जातात. पुष्कळदा यात पैशाचा लोभ नसतो. गावातील गाडी असल्याने शेजाऱ्यास नकार देणे अवघड जाते. परंतु हौद्यात ना आसन असते ना आधार. ऑगस्ट 2025 मध्ये पुणे जिल्ह्याच्या खेड तालुक्यात कुंडेश्वराच्या दर्शनास निघालेल्या महिलांची पिकअप कोसळून अनेकींना प्राण गमवावे लागले.

अशा प्रसंगी विम्याचे संरक्षणही गृहीत धरता येत नाही. मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी मालासोबत असेल, तर कायद्याने त्यास विम्याचे संरक्षण आहे. मालवाहू वाहनातून नुसत्याच नेलेल्या प्रवाशांची भरपाई देण्यास विमा कंपनी बांधील नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये दिला आहे. भरपाईचा बोजा मग मालकावर येतो, आणि तो गाडीच्या किमतीच्या कितीतरी पट असू शकतो. उपकारापोटी दिलेला होकार असा दोन्ही कुटुंबांच्या नाशास कारण होऊ शकतो.

गावाचे कर्तव्य

ही जबाबदारी एकट्या वाहनधारकाची नव्हे. यात्रेच्या किंवा लग्नसराईच्या आधी एस.टी.च्या जादा अथवा प्रासंगिक कराराच्या गाडीची मागणी ग्रामपंचायतीने वेळीच आगाराकडे नोंदविली, तर हौद्यात बसण्याची वेळ येणार नाही. शाळेच्या सहलीस मालवाहू वाहन वापरले जाणार नाही, याची दक्षता शिक्षकांनी घ्यावी. गावातील किती गाड्या अद्याप पूर्वीच्या मालकाच्या नावे आहेत, याची चौकशी ग्रामसेवकांनी ग्रामसभेत केल्यास आणि नमुने भरण्यास साहाय्य केल्यास अनेक कुटुंबे भावी संकटातून वाचतील.

जुनी पिकअप ही लहान शेतकऱ्याच्या हातातील मोठी शक्ती आहे. कागद स्वतःच्या नावे, भार प्रमाणात आणि हौद्यात केवळ माल, एवढी शिस्त पाळली तर ती शक्ती त्याच्या संसारास दीर्घकाळ हातभार लावील.