जुन्या ट्रॅक्टरच्या इंजिनाचे भाग

इगतपुरी हें इंजिनांचें गांव आहे. १८६५ सालीं ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग थळघाट चढून येथें पोंचला, आणि सदतिसांत एक अशा त्या चढणीवर गाडीला मागून रेटणारीं इंजिनें गांवाच्या नित्य परिचयाचीं झालीं. आज येथेंच महिंद्र कंपनीचा मोटारींचीं इंजिनें बांधणारा कारखानाहि आहे. असें असूनहि याच तालुक्यांतील एखाद्या शेतकऱ्याच्या पडवींत वडिलांनीं घेतलेला बी-२७५ ट्रॅक्टर बंद पडून असेल, तर त्याचा पिस्टन गांवांत मिळेलच असा भरंवसा नाहीं. नवें इंजिन बांधण्याची विद्या वेगळी आणि जुनें इंजिन जगविण्याची वेगळी.

हा बी-२७५ मूळचा इंग्लंडचा. इंटरनॅशनल हार्वेस्टर या अमेरिकन कंपनीनें ब्रॅडफर्ड येथील आपल्या कारखान्यांत १९५८ च्या सुमारास तो बांधण्यास आरंभ केला. पुढें १९६३ सालीं ही कंपनी, महिंद्र आणि व्होल्टास यांनीं मिळून इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया स्थापन केली, आणि १९६५ पासून हाच ट्रॅक्टर मुंबईच्या कांदिवली उपनगरांत तयार होऊं लागला. १९७७ सालीं ही कंपनी महिंद्र कंपनींत विलीन झाली. या इतिहासाचा शोधकाला प्रत्यक्ष उपयोग आहे. जें यंत्र आपल्याच देशांत पुष्कळ वर्षें बनत राहिलें, त्याचे भाग घडविणारे लहान कारखाने येथेंच उभे राहतात. त्यामुळें या विलायती ट्रॅक्टरचे भाग विलायतेहून मागविण्यापूर्वीं नाशिक, पुणें व मुंबई पालथीं घालणें शहाणपणाचें.

मात्र दुकानांत जाऊन ‘दोनशें पंचाहत्तरचा पिस्टन द्या’ एवढेंच म्हणणारा माणूस हटकून फसतो. पुढें महिंद्र कंपनीनें २७५ डी. आय. या नांवाचा ट्रॅक्टर काढला. त्याचें इंजिन तीन सिलिंडरांचें असून त्यांत तेल थेट सिलिंडरांत फवारलें जातें. मूळच्या बी-२७५ चें इंजिन बी. डी. १४४ या जातीचें. तें चार सिलिंडरांचें, आणि त्यांत तेल प्रथम हेडमधील एका लहान कोठडींत पेट घेतें. १४४ हा आंकडा त्याचें घन इंचांतील आकारमान सांगतो. आंकडा एकच, यंत्रें दोन. दुकानदारहि पुष्कळदां लबाडीनें नव्हे, तर संवयीनें नव्या ट्रॅक्टरचा भाग काढून देतो. म्हणून शोधाचा आरंभ ट्रॅक्टरच्या बानेटवरील नांवापासून न करतां इंजिनाच्या ब्लॉकवर ठोकलेल्या क्रमांकापासून करावा. ब्लॉकच्या अंगावर ओतीव अक्षरांतहि एक क्रमांक असतो. तो त्या सांच्याचा होय, त्या विशिष्ट इंजिनाचा नव्हे. हे दोन्ही क्रमांक वायर ब्रशनें घासून, स्वच्छ करून, वहींत उतरून ठेवावे.

क्रमांकानंतर येतें माप, आणि खरी मेख येथें आहे. साठ वर्षांच्या इंजिनाचीं मापें पुस्तकांत छापल्याप्रमाणें उरलेलीं नसतात. मागें कधींतरी एखाद्या मिस्त्रीनें सिलिंडर बोअर करून मोठे केलेले असतात आणि त्यांत त्या मानाचे मोठे पिस्टन घातलेले असतात. ही वाढ बहुधा दहा, वीस, तीस अशा सहस्रांश इंचांच्या पायऱ्यांनीं केली जाते. जुन्या पिस्टनच्या माथ्यावरील काजळी खरवडली तर तेथें ‘०२०’ असा आंकडा दिसण्याचा संभव असतो. त्याचा अर्थ, पिस्टन मूळ मापाहून वीस सहस्रांश इंच मोठा आहे. क्रँकशाफ्टची गोष्ट याच्या उलट आहे. त्याचें गुळगुळीत अंग घासून बारीक करावें लागतें, म्हणून त्याच्या बेअरिंगा तेवढ्याच जाड घ्याव्या लागतात. मायक्रोमीटर लावल्यावांचून केलेली खरेदी म्हणजे पाय न मोजतां घेतलेला जोडा. फरक इतकाच कीं, जोडा परत करतां येतो, आणि घट्ट बेअरिंगनें जाळलेला क्रँकशाफ्ट येत नाहीं.

पिस्टनचा व्यास जुळला म्हणजे काम झालें असेंहि नाहीं. पिनेचें भोंक केवढें, पिनेच्या मध्यापासून माथ्यापर्यंत उंची किती, रिंगांच्या खांचा किती व किती रुंद, हीं मापेंहि जुळलीं पाहिजेत. उंची थोडी अधिक झाली तर पिस्टन हेडवर आदळेल; कमी झाली तर हवा पुरेशी दाबली जाणार नाहीं आणि थंडीच्या सकाळीं इंजिन हूं कीं चूं करणार नाहीं.

सुदैवानें कांहीं भाग ट्रॅक्टरच्या नांवावर अवलंबून नसतात. बॉलबेअरिंग हें त्याचें उत्तम उदाहरण. त्याच्या कड्यावर ६३०५ असा आंकडा असेल, तर त्यांतील शेवटच्या ०५ ला पांचांनीं गुणावें. २५ मिलिमीटर हा आंतल्या भोंकाचा व्यास झाला. त्याचा बाहेरचा व्यास ६२ मिलिमीटर व रुंदी १७. हीं मापें जगभर एकच. ज्या बेअरिंगसाठीं ट्रॅक्टरच्या दुकानांत महिनाभर हेलपाटे घातले, तें पंपाच्या किंवा गिरणीच्या सामानाच्या दुकानांत त्याच दिवशीं मिळूं शकतें. तेलाच्या सीलांचेंहि तसेंच. आंतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी सांगितली कीं पुरे.

बोल्टांच्या बाबतींत मात्र हा उदारपणा अंगाशीं येतो. जुन्या इंग्रजी यंत्रांवर व्हिटवर्थ पद्धतीचे आटे आढळतात, पुढच्या काळांतील यंत्रांवर अमेरिकेशीं जुळवून घेतलेले युनिफाइड आटे, आणि चेकोस्लोव्हाकियाच्या झेटर ट्रॅक्टरांवर मेट्रिक. अर्ध्या इंचाच्या व्हिटवर्थ बोल्टाला इंचांत बारा आटे असतात, तर त्याच जाडीच्या भरड युनिफाइड बोल्टाला तेरा. डोळ्यांना हा भेद दिसत नाहीं. बोल्ट दोन-तीन फेरे सहज जातो, मग जोर लावावा लागतो, आणि अखेर ब्लॉकमधील आटे जातात. चार आण्यांच्या मालासाठीं ब्लॉक गमावल्याचीं उदाहरणें मिस्त्रीलोक हंसत हंसत सांगतात. मालकाला मात्र हंसूं येत नाहीं.

आतां बाजाराविषयीं. इगतपुरीहून मुंबईकडे जाणारी रेल्वे ज्या कुर्ल्यावरून जाते, तेथें मोडीत निघालेल्या वाहनांच्या भागांचा मोठा व्यापार आहे. ऑपेरा हाउसच्या बाजूस मोटारींच्या सुट्या भागांचीं दुकानें आहेत, पुण्यास नाना पेठ आहे. जुन्या दुकानाच्या माळ्यावर धूळ खात पडलेला, मूळ कागदांत गुंडाळलेला भाग हें शोधकाचें खरें भाग्य. शोध घेतांना इंजिनाचीं भावंडेंहि ध्यानांत ठेवावींत. मद्रासच्या सिंप्सन कंपनीनें बनविलेलीं पर्किन्स पद्धतीचीं इंजिनें ट्रॅक्टरांत बसलीं तशीं इतर यंत्रांतहि बसलीं. तेव्हां असें इंजिन असलेल्या ट्रॅक्टरचा भाग मालमोटारींच्या बाजारांत सांपडूं शकतो.

दुसरा मार्ग म्हणजे त्याच जातीचा एखादा निकामी ट्रॅक्टर विकत घेणें. येथें वेळेशीं शर्यत असते. भंगारवाला बीड वजनावर घेतो; त्याच्या दृष्टीनें शाबूत हेड आणि फुटका नांगर यांत भेद नाहीं. एकदां तें भट्टींत गेलें कीं त्या जातीचा एक हेड कायमचा कमी झाला. गॅस्केट तांब्याच्या पत्र्यांतून कापून घेतां येतें, बुश लेथवर काढतां येतात, लायनर ओतवून घेतां येतात. पण पाण्याच्या वाटा आंतून कोरलेला हेड गांवच्या भट्टींत सहसा साधत नाहीं. म्हणून पैसा थोडा असेल तर प्रथम हेड, ब्लॉक, क्रँकशाफ्ट आणि तेलाचा पंप हीं पदरांत पाडून घ्यावीं, आणि रिंगा, गॅस्केटें, बेअरिंगा यांची खरेदी शेवटीं, सर्व मापें हातीं आल्यावर करावी. हेड घेतांना त्यावर रॉकेल ओतून तें पुसून टाकावें व खडूची भुकटी चोळावी. बारीक चीर असेल तर थोड्या वेळानें खडूवर ओलसर काळी रेघ उमटते. ती दोन व्हाल्व्हांच्या मधोमध दिसली, तर तो हेड कितीहि स्वस्त मिळत असला तरी भंगारवाल्याकडेच राहूं द्यावा.