पांढरी, काळी व पाणंद : गावच्या सामाईक भूमीचा विचार

गाव म्हटले म्हणजे घरे, वेस, मारुतीचे देऊळ व चावडी एवढेच बहुधा डोळ्यांपुढे येते. परंतु गावाचे खरे रूप पाहावयाचे असेल तर वस्तीबाहेर पडून एखाद्या टेकाडावरून सारे शिवार न्याहाळावे, आणि मग तेच शिवार गावच्या नकाशावर बोट ठेवून वाचावे. असे केले असता एक गोष्ट ध्यानात येते. शिवारातील बहुतेक तुकड्यांस कोणी ना कोणी धनी असतो; पण ते सारे तुकडे मिळून जे एक गाव होते, ते मात्र ज्यास कोणीही एक धनी नाही अशा थोड्याशा भूमीमुळे होते. त्या भूमीविषयी चार शब्द कृषक बंधूंपुढे ठेवण्याचे येथे योजिले आहे.

आपले पूर्वज गावाचे दोन भाग मानीत : पांढरी व काळी. पांढरी म्हणजे गावठाण. मातीची घरे बांधावी, ती पडावी, आणि पडलेल्या ढिगावर पुन्हा नवी उभारावी, असे पिढ्यान्‌पिढ्या चालल्याने तेथील माती पांढुरकी व खारवट होते आणि गावठाण भोवतालच्या भूमीहून उंच दिसू लागते. काळी म्हणजे कसण्याची जमीन. आमच्या छत्रपती संभाजीनगर (पूर्वीच्या औरंगाबाद) जिल्ह्यात ही काळी सर्वत्र सारखी नाही. पैठण, गंगापूर व वैजापूर या तालुक्यांत गोदावरीच्या काठी ती खोल व चिकण आहे. खुलताबाद, कन्नड व सिल्लोड यांकडे डोंगराच्या उतारावर ती बरड व मुरमाड होत जाते. आणि सोयगाव तालुका तर अजिंठ्याच्या डोंगरापलीकडे तापीच्या खोऱ्यात उतरतो. पाऊस वर्षाकाठी सरासरी सुमारे ७०० मिलिमीटर, तोही लहरी. अशा मुलखात पाण्याच्या सोयीने व संरक्षणाच्या गरजेने लोक एकत्र वसले. पडक्या गढ्या व वेशींच्या कमानी अद्यापि पुष्कळ गावी त्याची साक्ष देतात.

या रचनेचा परिणाम असा की, शेतकरी राहतो पांढरीत आणि पिकवितो काळीत. सकाळी औत-बैल बाहेर निघावे, दुपारी भाकरी शेतात पोहोचावी, सायंकाळी गुरे परतावी, सुगीत माल घरी यावा, हे सर्व या दोहोंमधील वाटेवर अवलंबून असते. हल्ली पुष्कळ कुटुंबे शेतातच वस्ती करून राहू लागली आहेत. पण त्यामुळे वाटेची गरज कमी झाली नसून वाढली आहे. मुलांस शाळेत जावयाचे असते, दूध वेळेवर डेअरीत घालावयाचे असते, आणि रात्री-अपरात्री आजारी माणूस दवाखान्यात न्यावयाचा असतो.

म्हणून पांढरी व काळी यांखेरीज गावास तिसराही एक भाग असतो. गावाची शीव, शिवारातून जाणाऱ्या पाणंदी, गुरांचे गायरान, ओढे-नाले, स्मशानभूमी व पाणवठे हे सर्व त्यात येतात. गावचा पुष्कळसा आचार याच भूमीशी निगडित आहे. पोळ्याचे बैल वेशीतील तोरणाखालून जातात. म्हसोबा शिवेवर बसतो. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘गांव-गाडा’ या ग्रंथात बलुतेदार व वतनदार यांच्या ज्या व्यवस्थेचे वर्णन केले आहे, तीत शिवेचा तंटा पडल्यास वेसकर महाराची साक्ष महत्त्वाची मानली जाई. गावाची हद्द ज्यास तोंडपाठ, त्याचीच वस्ती मात्र वेशीबाहेर ठेवलेली, हा त्या व्यवस्थेतील अन्याय विसरून चालणार नाही. सामाईक म्हणविणारी भूमीही त्या काळी सर्वांस सारखी सामाईक नव्हती.

आता दप्तराकडे वळू. निजामाच्या राज्यात पहिले सालारजंग दिवाण असताना (१८५३ ते १८८३) जमाबंदीची घडी नव्याने बसविण्यास आरंभ झाला आणि मराठवाड्यात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर मोजणी झाली. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थानातील निजामाची सत्ता संपली. तरी जुन्या हक्काचा प्रश्न निघाला म्हणजे सेतवार व १९५४-५५ चे खासरा पत्रक अद्यापि काढावे लागते. गावच्या नकाशावर गाडीवाट दोन तुटक रेषांनी व पायवाट एका तुटक रेषेने दाखविलेली असते. मोजणीची साखळी ३३ फुटांची व तिचे आणे १६. साखळीचा चौरस केला असता १,०८९ चौरस फूट होतात, तोच एक गुंठा. आणि ४० गुंठ्यांचा एक एकर. गाडीवाटेची रुंदी सामान्यतः साडेसोळा ते एकवीस फूट, म्हणजे कमीत कमी आठ आणे साखळी. आणि पायवाटेची सव्वाआठ फूट, म्हणजे चार आणे साखळी धरतात.

ही मापे सांगण्याचे कारण असे की, पाणंद एका दिवसात कधीच नाहीशी होत नाही. दर नांगरटीस एक तास पुढे सरकते, बांधावरचा काटा थोडा बाहेर टाकला जातो, आणि दहा-पंधरा वर्षांत गाडीवाटेची पायवाट होते. या लोभाचा हिशेब करून पाहावा. एखाद्याचे शेत साडेसोळा फुटी पाणंदीस ६६० फूट लागून आहे असे धरू. त्याने आपल्या बाजूची अर्धी पाणंद, म्हणजे सव्वाआठ फूट, सबंध गिळली तर त्यास ५,४४५ चौरस फूट, म्हणजे बरोबर ५ गुंठे जमीन मिळते. एकराचा हा आठवा हिस्सा. समोरच्यानेही तसेच केले की वाट संपली. पुढे ट्रॅक्टर आत जात नाही, मळणीयंत्र येत नाही, उसाची गाडी निघत नाही, आणि कपाशीच्या गाठोड्यांस डोक्यावरून वाहण्याची मजुरी पडते. आषाढ-श्रावणात चिकण रानातून तर रिकामा माणूसही चालू शकत नाही. पाच गुंठ्यांचे उत्पन्न एका पारड्यात व हा वार्षिक खर्च दुसऱ्या पारड्यात टाकला असता कोणते पारडे जड होईल, हे ज्याचे त्याने पाहावे. शिवाय ज्याचे शेत पाणंदीच्या शेवटी आहे त्याने एक बोटभरही जमीन घेतलेली नसता त्याचे नुकसान सर्वांहून अधिक होते. भावाभावांतील व शेजाऱ्यांतील कित्येक दाव्यांचे मूळ येथेच असते.

गायरानाचा प्रश्न याहून नाजूक आहे. गुरे कमी झाली, चारा विकत येऊ लागला, तेव्हा गायरान पडीकच आहे असे मानून त्यावर आक्रमणे झाली. तथापि सर्व आक्रमणे एका मापाने मोजता येत नाहीत. मराठवाड्यात ज्यास वीतभरही जमीन नव्हती अशा भूमिहीनांनी, विशेषतः दलितांनी, पोटासाठी गायराने वाहितीस आणली. दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ व १९६४ साली भूमिहीनांचे जे सत्याग्रह झाले त्यांतील मागणी हीच होती. याउलट ज्याचे घरी आधीच बागायत आहे त्याने गायरानात कुंपण घालणे ही निराळी गोष्ट होय. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या प्रकरणी गावच्या सामाईक जमिनींवरील अवैध कब्जे काढण्याची योजना करण्यास सर्व राज्यांस सांगितले. परंतु शासनाच्या अधिसूचनेने भूमिहीन मजुरांस अथवा अनुसूचित जाती-जमातींस दिलेल्या जमिनी, तसेच शाळा, दवाखाना यांसारख्या सार्वजनिक सोयी, यांस अपवाद करण्यास वाव ठेवला. न्यायालयाने केलेला हा भेद गावानेही ध्यानात ठेवावा.

हा प्रश्न आपल्याच देशात आहे असे नाही. इंग्लंडातील खेड्यांचे वर्णन वाचताना हिरव्या कुंपणांनी विभागलेली चौकोनी शेते, मध्ये चर्च व दूरदूर विखुरलेली घरे असे चित्र येते. ते चित्र अनादि नाही. पूर्वी तेथील मध्य भागातील पुष्कळ गावांत आपल्याप्रमाणेच घरे एका ठिकाणी व शेते बाहेर मोकळी असत. गावचे रान बहुधा तीन मोठ्या भागांत वाटलेले असे. एकात हिवाळी धान्य, दुसऱ्यात वसंतातील पीक व तिसरा पडीत, अशी पाळी फिरे. आणि प्रत्येक कुणब्याच्या पट्ट्या तिन्ही भागांत विखुरलेल्या असत. पुढे १६०४ ते १९१४ या काळात पार्लमेंटने सुमारे ५,२०० कायदे करून इंग्लंडच्या एकपंचमांशाहून थोडी अधिक, म्हणजे सुमारे ६८ लाख एकर जमीन बंदिस्त करविली. शेतीची सुधारणा सोपी झाली, हे खरे. पण ज्या गरिबाची एखादी गाय सामाईक कुरणावर चरत असे त्याचा आधार गेला.

या लाटेतून वाचलेले एक लहानसे खेडे नॉटिंगहॅमशायर परगण्यात आहे. त्याचे नाव लॅक्सटन. तेथील शेतकऱ्यांची जुनी घरे व कोठारे आजही गावच्या रस्त्यावरच आहेत आणि रान बाहेर तीन मोकळ्या भागांत आहे. मार्क पिअर्स नामक मोजणीदाराने १६३५ साली काढलेला त्या गावचा नकाशा ऑक्सफर्ड येथील बोडलियन ग्रंथालयात जपून ठेवलेला आहे. जमिनीची मालकी बदलत गेली : १९५२ साली ती इंग्लंडच्या शेतकी खात्याने घेतली, १९८१ साली राजसंपदेकडे गेली, व २०२० साली थोर्झबी इस्टेटीकडे आली. परंतु एक रीत टिकली. दर वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस गावच्या शेतकऱ्यांतून नेमलेले पंच नुकत्याच पेरलेल्या गव्हाच्या भागात पायी फिरतात, पट्ट्यांच्या खुणेच्या खुंट्या पुन्हा ठोकतात, आणि कोणाचा नांगर वाटेत अथवा सामाईक गवताच्या पट्ट्यात शिरला आहे काय हे पाहतात. ज्याने आगळीक केली असेल त्यास पुढे गावच्या न्यायसभेत दंड होतो. दंड थोडकाच असतो. पण शेजाऱ्यांनी, शेजाऱ्यांदेखत व दर वर्षी तो ठरविलेला असल्याने आक्रमण वाढू पावत नाही.

लॅक्सटनचे शेतकरी खंडकरी आहेत व त्यांची न्यायसभा जमीनदारी काळातील आहे. आपण भोगवटादार आहो व आपणांस ग्रामसभा आहे. तेव्हा तेथील संस्थेची नक्कल करण्याचे कारण नाही. घ्यावयाची ती एकच गोष्ट : तंटा पिकण्यापूर्वी वर्षातून एकदा सर्वांनी मिळून शीव व पाणंदी पायी फिरून पाहणे.

आमच्या भागास याकरिता वैशाखाचा शेवट सोयीचा. रान मोकळे असते, बांध उघडे दिसतात, व पेरणी व्हावयाची असते. ग्रामपंचायतीने गावचा नकाशा भूमि-अभिलेख कार्यालयातून घ्यावा. तलाठ्याकडून (ज्यास २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) सरकारी जमिनींचा गाव नमुना १-ब व अतिक्रमणांचा गाव नमुना १-ई पाहून घ्यावा. आणि वडीलधारे, तरुण व भूमिहीन अशा सर्वांस बरोबर घेऊन फेरी काढावी. जेथे वाट अरुंद झाली असेल तेथे दोन्ही बाजूंच्या धन्यांसमक्ष साखळी धरून दगड रोवावे. वाट मोकळी झाली की मग तीवर मुरूम टाकण्याची गोष्ट निघते. २०२१ पासून मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना त्यासाठीच आहे. वाटच जागेवर नसेल तर योजना काय करणार?

समजुतीने न भागल्यास कायदा आहे. चालू वहिवाटीची वाट कोणी अडविल्यास मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ प्रमाणे तहसीलदाराकडे दाद मागता येते. मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज गेला पाहिजे, ही मुदत कित्येकजण गमावून बसतात. शेतास मुळी वाटच नसेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १४३ प्रमाणे बांधावरून वाट मागता येते. सार्वजनिक रस्त्यावरील अडथळा दूर करण्याचा अधिकार ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५३ ने पंचायतीसही आहे. मिळालेल्या वाटेची नोंद सातबाराच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात अवश्य करून घ्यावी. कारण तोंडी मिळालेली वाट बापाच्या हयातीत चालते व मुलांच्या वाटणीत बुजते.

जमीन वारसाने मिळते, खरेदीने मिळते, खंडानेही मिळते. पाणंद मात्र या कोणत्याही रीतीने मिळत नाही. ती सर्वांनी थोडे थोडे सोडले तरच राहते. येत्या पेरणीपूर्वी प्रत्येक कृषकाने आपल्या बांधापासून समोरच्या बांधापर्यंतचे अंतर एकदा स्वतः मोजून पाहावे, आणि ते आठ आण्यांहून कमी भरल्यास पहिले पाऊल आपणच मागे घ्यावे.