पीएसएचा आकडा काय सांगतो?

काही वर्षांपूर्वी आमच्या प्रयोगशाळेत एक निवृत्त शिक्षक आले. हातात रक्ताचा अहवाल होता आणि त्यातल्या एका आकड्याखाली लाल शाईची रेघ. पीएसए ६.२. बरोबरच्या मुलाचा चेहरा पार उतरलेला. मास्तरांनी विचारलं, "डॉक्टर, कॅन्सर झालाय ना मला?" मी म्हटलं, "मास्तर, हा आकडा इतकं बोलत नाही. आधी बसा."

त्या दिवशी त्यांना जे सांगितलं, तेच आज तुम्हाला सांगतो.

मूत्राशयाच्या खाली, लघवीच्या नळीभोवती प्रोस्टेट नावाची अक्रोडाएवढी ग्रंथी असते. पीएसए हे तिथे तयार होणारं प्रथिन. त्यातलं थोडंसं रक्तात झिरपतं. निरोगी पेशीही ते बनवतात आणि कॅन्सरच्या पेशीही. वयोमानाने ग्रंथी वाढली, लघवीत जंतुसंसर्ग झाला, तरी आकडा चढतो. थोडक्यात, ही खूण ग्रंथीची आहे, कॅन्सरची नव्हे.

अमेरिकेत १९९४ साली निदानासाठी या चाचणीला मान्यता मिळाली आणि ४ ही मर्यादा रूढ झाली. पण आकडा ४ ते १० असलेल्या चौघांच्या ग्रंथीचे तुकडे सुईने काढून तपासले, तर साधारण एकालाच कॅन्सर सापडतो. उलट, २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात आकडा ४ पर्यंतच असलेल्यांपैकीही सुमारे १५ टक्क्यांना कॅन्सर आढळला!

मग चाचणी टाकाऊ का? तसंही नाही. युरोपातल्या मोठ्या अभ्यासात तपासणीसाठी बोलावलेल्या पुरुषांमध्ये या कॅन्सरचे मृत्यू १३ टक्क्यांनी कमी दिसले. २३ वर्षांच्या पाठपुराव्याचा हा निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. पण यातले बरेच कॅन्सर इतके संथ असतात, की माणूस त्यांच्यासह म्हातारा होतो आणि दुसऱ्याच कारणाने जातो. अशांवर शस्त्रक्रिया केली, तर लघवीवरचा ताबा आणि लैंगिक क्षमता विनाकारण गमावण्याची भीती. काही कॅन्सर मात्र हाडांपर्यंत पोचतात. संथ कोणता आणि घातक कोणता, हीच खरी अडचण आहे.

म्हणून संशोधक नव्या खुणा शोधत आहेत. २००५ साली मिशिगन विद्यापीठाच्या अरुल चिन्नय्यन आणि सहकाऱ्यांना दोन जनुकं चुकीच्या जागी जोडली गेल्याचं दिसलं. प्रोस्टेटच्या सुमारे निम्म्या कॅन्सरमध्ये हा जोड असतो आणि तो लघवीतही शोधता येतो. पीसीए३ या जनुकाच्या लघवीतल्या चाचणीला अमेरिकेत २०१२ मध्ये मान्यता मिळाली. पीएसएच्याच वेगवेगळ्या रूपांचं प्रमाण मोजणारी रक्तचाचणीही आली. या सगळ्या चाचण्या प्रामुख्याने सुई टोचायची की नाही, हे ठरवायला मदत करतात. आता त्यांच्या जोडीला सुईआधी एमआरआयही असतो.

सगळ्याच खुणा टिकत नाहीत, हेही लक्षात ठेवा. २००९ मध्ये लघवीतल्या सार्कोसीनचा मोठा गाजावाजा झाला, पण नंतरच्या अनेक अभ्यासांत तो खरा उतरला नाही. 'नवी चाचणी सापडली' ही बातमी वाचलीत, तर दुसऱ्या प्रयोगशाळेलाही तेच आढळलं का, हे जरूर विचारा.

मास्तरांच्या लघवीत जंतुसंसर्ग निघाला. औषधांनंतर आकडा उतरला, पण पुरता नाही. मूत्रविकारतज्ज्ञांनी एमआरआय केला, मग सुईची तपासणी. छोटा, संथ जातीचा कॅन्सर निघाला. मुलगा म्हणाला, "उद्याच काढून टाका." मास्तरांनी दोन दिवस विचार केला, तज्ज्ञांशी पुन्हा बोलले आणि नियमित देखरेखीवर राहायचं ठरवलं.

दर सहा महिन्यांनी ते रक्त द्यायला येतात. आता "कॅन्सर आहे का?" असं विचारत नाहीत. विचारतात, "डॉक्टर, चाल बदललीय का त्याची?"

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)