पुढे ढकललेला शनिवार

कॉव्हेंट्रीत नोकरीनिमित्त मी चार हिवाळे काढले. तिथल्या स्टेडियममध्ये माझ्या शेजारच्या खुर्चीवर सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ बसत. त्यांच्याजवळ निळ्या पुठ्ठ्याची एक वही होती. तिच्यात त्यांनी पाहिलेले सगळे परगावचे सामने होते: तारीख, प्रतिस्पर्धी, निकाल. त्यात न झालेले सामनेही होते. त्यांच्यापुढे निकालाच्या जागी हवा लिहिलेली, ‘बर्फ’, ‘धुकं’, ‘मैदानात पाणी’, आणि कुठून परत फिरलो ते. वहीची सुरुवात त्यांच्या वडिलांच्या हस्ताक्षरात होती. पहिल्याच पानावर एकाच सामन्याच्या पंधरा ओळी होत्या. लिंकन. लिंकन. लिंकन. पंधराही ओळींसमोर ‘नाही’.

तो १९६३चा हिवाळा. शनिवारी, ५ जानेवारीला एफए कपाची तिसरी फेरी होती. या फेरीत इंग्लंडच्या वरच्या दोन विभागांतले संघ स्पर्धेत उतरतात. सोडतीत कोणाच्या वाट्याला कोण येईल, याचा नेम नसतो. एखाद्या आडगावच्या संघाच्या मैदानावर विजेतेपदाचा दावेदार येऊन उभा राहतो. त्या दिवशी बत्तीसपैकी फक्त तीन सामने झाले, प्लिमथ, प्रेस्टन आणि बर्कनहेडला. नाताळच्या दुसऱ्या दिवशी सुरू झालेल्या बर्फाने बाकीची मैदानं गाडून टाकली होती. एका दिवसाची ही फेरी संपायला ६६ दिवस लागले. एकूण २६१ वेळा सामने पुढे ढकलले गेले आणि शेवटचा निकाल ११ मार्चला लागला. लिंकन सिटी विरुद्ध कॉव्हेंट्री सिटी हा सामना पंधरा वेळा ढकलला गेला.

माझे शेजारी तेव्हा अकरा वर्षांचे होते. वडील मोटारींच्या कारखान्यात पाळीने कामाला. लिंकनला जायचं तर सव्वाशे किलोमीटरचा प्रवास, त्यामुळे नवी तारीख लागली की आधी पाळीचा तक्ता पाहायचा. पाळी जुळत असेल तर आदल्या रात्री दोघांचे बूट शेगडीशेजारी ठेवायचे. सकाळी सामना नसल्याची बातमी आली की ते पुन्हा जिन्याखाली. मार्चच्या पहिल्या आठवड्यात अखेर बर्फ हटला आणि सामना झाला, तेव्हा वडील कारखान्यात होते. तिसऱ्या विभागात खेळणारा कॉव्हेंट्री ५-१ ने जिंकला. पंधरा वेळा तयारी करणाऱ्या घरातून सोळाव्यांदा कोणीच गेलं नाही. साठ वर्षांनंतरही हे सांगताना त्यांचा आवाज किंचित दुखावलेला असे. मला त्यात पोरकटपणा वाटला नाही. कोल्हापुरात शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून पेठेच्या संघासाठी घसा बसवून घेतलेल्या माणसाला हे दुखणं समजावून सांगावं लागत नाही.

त्या हिवाळ्यात क्लबांनी बर्फाशी जी झुंज घेतली, तीही चाहत्यांच्या आठवणींचा भाग आहे. नॉरिचने मैदानावर ज्वाला फेकणारी यंत्रं चालवली. रेक्सहॅमने ८० टन वाळू पसरली. हॅलिफॅक्सने हात टेकले आणि मैदान लोकांना स्केटिंगसाठी खुलं केलं. बोल्टन वाँडरर्सला ८ डिसेंबरपासून १६ फेब्रुवारीपर्यंत लीगचा एकही सामना खेळता आला नाही. कॉव्हेंट्री आणि मँचेस्टर युनायटेड आयर्लंडला गेले आणि डब्लिनमध्ये एकमेकांशी मैत्रीचा सामना खेळले. पुढे ३० मार्चला उपांत्यपूर्व फेरीत हेच दोन संघ खऱ्या लढतीत भेटले. युनायटेड जिंकलं. मेमधला अंतिम सामनाही तीन आठवडे पुढे गेला आणि तिथेही युनायटेडच जिंकलं.

आपल्याकडच्या वाचकाला वाटेल, बर्फ झाडून काढला की झालं. अडचण बर्फाखालच्या जमिनीची असते. ती गोठली की दगड होते. बुटांचे खिळे रुतत नाहीत, पडलेल्या खेळाडूचं हाड मोडू शकतं. ऊन पडलं तर आणखी पंचाईत, कारण वरचा इंचभर थर वितळतो, खालचा तसाच राहतो आणि पाण्याला मुरायला वाट उरत नाही. म्हणून पंच सकाळी मैदानात फिरतो, टाच रुतवून पाहतो, चेंडू टप्पा घेतो का बघतो. त्याच वेळी पाहुण्या संघाचे चाहते बसमध्ये असतात. त्यांचा दिवस ती टाच ठरवते. तिकीट पुढच्या तारखेला चालतं. बसभाडं आणि बुडालेली रजा मात्र परत मिळत नाही.

सामने होत नसल्याने निकालांवर पैसे लावण्याचा ‘पूल्स’चा धंदाही बसला. मग २६ जानेवारी १९६३ला जुन्या जाणत्यांचं एक मंडळ लंडनमध्ये बंद खोलीत बसलं आणि न झालेल्या सामन्यांचे निकाल ठरवू लागलं. टॉम फिनी आणि टॉमी लॉटन यांच्यासारखे थोर खेळाडू त्यात होते. न खेळताच आपला संघ हरला, हे रेडिओवर ऐकायची वेळ चाहत्यांवर आली.

स्कॉटलंडची गोष्ट याहून कडक. त्याच १९६३मध्ये स्कॉटिश कपातला स्ट्रॅनरार आणि एअरड्री यांचा सामना ३३ वेळा पुढे गेला. १९७९मध्ये इनव्हरनेस थिसल आणि फॉल्कर्क यांचा २९ वेळा. फॉल्कर्कहून इनव्हरनेसला जायचं तर हायलंडच्या डोंगरातली खिंड ओलांडावी लागते आणि हिवाळ्यात तिथला रस्ताच बंद पडतो. मैदान मोकळं झालं तरी माणसं पोचतील याची खात्री नाही.

त्याच १९७९च्या जानेवारीत शेफील्ड वेन्सडे आणि आर्सेनल यांची तिसऱ्या फेरीतली गाठ पडली. हिल्सबरोवर इतका बर्फ होता की घरच्या प्रेक्षकांनी आर्सेनलचा गोली पॅट जेनिंग्ज याच्यावर बर्फाचे गोळे फेकले. बरोबरी झाली. लंडनला पुन्हा बरोबरी. तेव्हा पेनल्टीवर निकाल लावायची पद्धत या स्पर्धेत नव्हती. निकाल लागेपर्यंत खेळत राहायचं. पुढचे तीनही सामने लेस्टरच्या फिल्बर्ट स्ट्रीटवर झाले. तिथल्या मैदानावर हवेने फुगवायचं प्लास्टिकचं भलंमोठं आच्छादन होतं, त्यामुळे खेळता येईल असा भरवसा होता. २-२, ३-३ आणि पाचव्यांदा आर्सेनल २-०. सतरा दिवसांत पाच सामने. वेन्सडे तेव्हा तिसऱ्या विभागात होतं. आर्सेनलने मेमध्ये कप उचलला. पण शेफील्डच्या चाहत्यांना विचारा, ते अजून लेस्टरच्या त्या तीन रात्रींबद्दल बोलतात.

सामना सुरू होऊन अर्ध्यावर सोडून द्यावा लागला तर जे घडतं, ते मला सर्वांत क्रूर वाटतं. २८ जानेवारी १९६१ला लूटनच्या चिखलात मँचेस्टर सिटीच्या डेनिस लॉने एकट्याने सहा गोल केले. सिटी ६-२ ने पुढे होतं. ६९व्या मिनिटाला पाणी साचल्यामुळे पंचाने खेळ थांबवला आणि सहाही गोल नोंदीतून पुसले गेले. चार दिवसांनी सामना पुन्हा पहिल्यापासून झाला. लॉने पुन्हा एक गोल केला, पण लूटन ३-१ ने जिंकलं. त्या दिवशी पायऱ्यांवर भिजत उभे असलेल्यांनी जे पाहिलं, ते अधिकृतपणे घडलंच नाही. त्याला साक्षीदार फक्त तेच.

हेरफर्डशिवाय हा आढावा अपुरा राहील. सदर्न लीगमध्ये खेळणाऱ्या, म्हणजे मुख्य लीगच्या बाहेरच्या या संघाने जानेवारी १९७२मध्ये पहिल्या विभागातल्या न्यूकॅसलशी त्यांच्याच मैदानावर २-२ बरोबरी साधली. फेरसामना हेरफर्डला होता. पाऊस काही खंडेना. तारखा हुकत गेल्या आणि सामना ५ फेब्रुवारीवर आला. तोवर एजर स्ट्रीटचं मैदान म्हणजे नुसता चिखल झाला होता. ८२व्या मिनिटाला माल्कम मॅकडोनल्डच्या गोलने न्यूकॅसल पुढे गेलं. आता संपलं, असं वाटत असताना, पोटापाण्यासाठी सुतारकाम करणाऱ्या रॉनी रॅडफर्डने त्या चिखलातून तीस यार्डांवरून चेंडू जाळ्याच्या कोपऱ्यात मारला. पार्का कोट घातलेली पोरं मैदानात धावत सुटली. जादा वेळेत रिकी जॉर्जने विजयी गोल केला. बीबीसीने तिथे जॉन मॉट्सन नावाच्या तरुण समालोचकाला पाठवलं होतं. छोटीशी झलक दाखवू म्हणून ठेवलेला हा सामना रात्रीच्या कार्यक्रमात सर्वांत आधी दाखवावा लागला. मॉट्सनचं पुढचं आयुष्य त्या दुपारी ठरलं.

त्याचा पुढचा भाग फारसा सांगितला जात नाही. पुढच्या फेरीत हेरफर्डने वेस्ट हॅमला बरोबरीत रोखलं आणि फेरसामना लंडनमध्ये आला. खाणकामगारांच्या संपामुळे विजेची टंचाई होती, दिवे लावायची सोय नव्हती. त्यामुळे तो सामना सोमवारी भरदुपारी झाला. हेरफर्ड ३-१ ने हरलं. तरी त्या सोमवारी स्टेडियममध्ये चाळीस हजारांहून जास्त माणसं होती. काम सोडून आलेल्या या माणसांबद्दल मला खेळाडूंइतकाच आदर वाटतो.

आता बड्या क्लबांच्या मैदानाखाली उष्णता देणाऱ्या नळ्या असतात. एव्हर्टनने १९५८मध्येच गवताखाली विजेच्या तारा घालून पाहिल्या होत्या. बर्फ वितळला, पण इतकं पाणी वाहून नेण्याची सोय नव्हती, म्हणून पुढे मैदान उकरून पाण्याचा निचरा सुधारावा लागला. सामने कमी रद्द होतात हे चांगलंच आहे. गोठलेल्या जमिनीवर कोणी पाय मोडून घ्यावा, असं मी म्हणणार नाही. पण २०२४-२५च्या हंगामापासून एफए कपाच्या पहिल्या फेरीपासूनच फेरसामने बंद केले, हा निर्णय मला अजिबात पटलेला नाही. बड्या संघांचं वेळापत्रक भरलेलं असतं, हे खरं. पण जानेवारी २००५मध्ये लीगबाहेर गेलेल्या एक्झिटर सिटीने मँचेस्टर युनायटेडच्या मैदानावर ०-० बरोबरी साधली. त्या दोन सामन्यांच्या उत्पन्नाने कर्जात बुडालेला तो क्लब सावरला. ही वाट आता बुजवली आहे.

माझ्या तिथल्या शेवटच्या जानेवारीत आम्ही दोघं चाहत्यांच्या बसने एका परगावच्या सामन्याला निघालो. निम्मं अंतर गेल्यावर चालकाला निरोप आला, मैदान गोठलंय. बस मोटारवेवरच्या थांब्याला वळली. कोणी शिवी दिली नाही. मागच्या बाकावरची दोन मुलं काचेवर साचलेल्या वाफेत बोटाने गोल मोजत बसली होती. शेजाऱ्यांनी थर्मासमधला चहा दोन झाकणांत ओतला, एक मला दिलं आणि कोटाच्या आतल्या खिशातून वही काढली. तारीख लिहिली, प्रतिस्पर्धी लिहिला, ‘दंव’ लिहिलं. मग खिडकीबाहेरची पाटी नीट दिसावी म्हणून बाहीने काच पुसली आणि कुठून परत फिरलो ते त्या रकान्यात उतरवून घेतलं.