शेगडीला धूर नाही, म्हणून धोका नाही?

घाटाखालच्या मलकापूर-नांदुऱ्यापेक्षा घाटावरच्या बुलढाणा-चिखलीत पौषातली थंडी जास्त बोचते. गॅस घरोघरी आला, तरी आंघोळीचं पाणी आणि भाकरी अजून कित्येक घरी पऱ्हाटी-तुराटीच्या चुलीवरच होते. रात्री निखारे शेगडीत भरून घरात येतात. या विस्तवाबद्दलचे काही समज जीवावर बेततात.

त्यातला सर्वांत घातक म्हणजे ‘निखाऱ्याला धूर नाही, मग भीती कसली?’ कोळसा अपुऱ्या हवेत धुमसतो तेव्हा कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं; झोपेत असलेल्या माणसाला तेही कळत नाही. मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती बाळंतिणीच्या खोलीची. दारं-खिडक्या बंद, फटीत कापडाचे बोळे आणि बाजेखाली शेगडी. बाळाचा श्वास मोठ्यांपेक्षा जलद चालतो, त्यामुळे हा वायू त्याच्या अंगात लवकर भिनतो. शेक हवाच असेल तर गरम पाण्याची पिशवी वापरा, किंवा अंगणातल्या निखाऱ्यांवर कापड ऊबदार करून आत आणा. शेगडी आत नको.

‘ऑक्सिमीटरवर ९८ दिसतंय, म्हणजे ठीक आहे,’ हा करोनानंतरचा समज. बोटाला लावायच्या साध्या यंत्राला प्राणवायू आणि कार्बन मोनॉक्साइड यांतला फरक ओळखता येत नाही. माणूस गुदमरत असतानाही आकडा चांगला दिसू शकतो. आकड्यावर विसंबू नका. माणसाला आधी मोकळ्या हवेत आणा आणि १०८ला फोन करा.

जुन्या धाब्याच्या घरांत चुलीवर सवणं असायचं; धूर तिथून वर जाई. स्लॅब आला आणि ते भोक बुजलं. मग पत्र्याचं धुराडं बसवलं की काम झालं, असं वाटतं. १९८३ साली केंद्र सरकारने निर्धूर चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, पण देखभालीअभावी त्यातल्या अनेक चुली वापरातून गेल्या. ओल्या सरपणाचा धूर थंड नळीत डांबरासारखा साचतो, कडक होतो, आणि पेटतोही. म्हणूनच ‘मोठा जाळ केला की काजळी आपोआप जळून जाते’ हे ऐकलं की धस्स होतं. जळते खरी, पण नळीसकट, आणि नळी छपराच्या लाकडाला टेकलेली असेल तर घरासकट. नळीतून घोंघावण्याचा आवाज आला तर आत पाणी ओतू नका. वाफेचा भडका उडतो, तापलेली नळी तडकते. चुलीचं तोंड पत्र्याने झाका, सगळ्यांना बाहेर काढा आणि १०१ला फोन करा.

रोजच्या चुलीची नळी महिन्यातून एकदा पाहावी. थर तीन मिलिमीटर झाला की साफ करावी. चूल पूर्ण थंड झाल्यावर तिचं तोंड ओल्या गोणपाटाने झाका, नाका-तोंडाला रुमाल बांधा आणि वरून दोरीला बांधलेला ब्रश किंवा पोत्याचा बोळा फिरवा. कोपराच्या वळणात काजळी सर्वांत जास्त असते, तेवढा भाग सुटा करून खरवडा. पावसाळ्यानंतर वरच्या टोपीत पाखरांचं घरटं नाही ना, तेही बघा.

आणि राख. ‘विझली’ म्हणून ती उकिरड्यावर टाकली जाते, शेजारी कडब्याची गंजी उभी असते. खरं तर आपल्या आज्या रात्री निखारा राखेत पुरून ठेवत आणि सकाळी त्याच विस्तवावर चूल पेटवत. राख विस्तव विझवत नाही, जपून ठेवते. ती झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात घराबाहेर दोन दिवस ठेवा, पाणी शिंपडा, मगच टाका.