टाकी भरली, हे पाण्यानंच सांगावं

वाशीम जिल्हा दोन खोऱ्यांच्या पाणलोटावर वसला आहे. काटेपूर्णा इथल्या डोंगरांतून निघून अकोल्याकडे जाते आणि पूर्णेतून तापीला मिळते. पैनगंगेकडे वाहणारं पाणी गोदावरीच्या वाटेला लागतं. अशा भागात पावसाळा सरला की विहिरी, बोअर, तलाव आणि शेततळी यांवरच भागवावं लागतं, आणि यातलं बहुतेक पाणी मोटारीनं उचलावं लागतं. उचललेल्या प्रत्येक लिटरमागे वीज असते, म्हणून टाकीवरून किंवा तळ्याच्या काठावरून वाहून गेलेलं पाणी दुहेरी तोट्याचं ठरतं. हा तोटा अटळ मानायची आपल्याला सवय झाली आहे. तो अटळ नाही. आपण मोटार आपोआप सुरू होण्याची सोय उत्साहानं केली आणि ती आपोआप बंद होण्याची सोय करायची राहून गेली, एवढंच त्याचं कारण आहे.

शेतीला थ्री फेज वीज पाळीनं मिळते, कधी दिवसा, कधी रात्री. रात्री-अपरात्री साप-विंचवाच्या वाटेनं विहिरीवर जायला नको म्हणून शेतकरी स्टार्टरला ऑटोस्विच लावतात, आणि ते समजण्यासारखं आहे. पण ऑटोस्विचला फक्त वीज आली एवढंच कळतं. तळ्यात जागा उरली आहे का, हे त्याला कळत नाही. ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना राज्यात २०१६ साली सुरू झाली. अशा शेततळ्याचं एक उदाहरण घेऊ: वर ३० मीटर लांब-रुंद, ३ मीटर खोल आणि एकास एक उताराच्या तळ्यात २,१९६ घनमीटर, म्हणजे जवळजवळ २२ लाख लिटर पाणी मावतं. पंप ताशी ३० हजार लिटर देतो असं धरलं, तर रिकामं तळं भरायला सुमारे ७३ तास लागतील. आठ तासांच्या नऊ पाळ्या झाल्या की ७२ तास होतात. दहावी पाळी सुरू झाल्यावर सव्वा तासातच तळं काठोकाठ भरतं आणि उरलेल्या पावणेसात तासांत दोन लाख लिटर पाणी बांधावरून उतरतं. ती पाळी रात्रीची असेल तर पाहायला कोणी नसतं. मातीच्या बांधावरून वाहणारं पाणी आधी माथ्याची माती नेतं, मग अस्तराचा कागद जिथे मातीत गाडलेला असतो ती कड उघडी पाडतं. पाणी तर जातंच, वर पुढच्या वर्षीचं तळंही धोक्यात येतं.

पाण्याच्या पातळीनंच दार हलवावं हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. पुण्याजवळच्या खडकवासला धरणावर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी १९०३ साली स्वतः आखलेले स्वयंचलित दरवाजे बसवले. तलाव ठरलेल्या पातळीपर्यंत भरेपर्यंत प्रतिभार दरवाजे बंद ठेवत. पातळी वर गेली की पाणी प्रतिभाराच्या हौदात शिरे, प्रतिभार पाण्यात हलका होई आणि दरवाजे उघडत; पातळी उतरली की ते परत बंद होत. त्यामुळे धरणाची उंची न वाढवता सुमारे आठ फूट जास्त पाणी साठवता आलं आणि पुराच्या वेळी माणूस जागेवर पोचण्याची वाट पाहावी लागली नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटलं आणि त्या लोंढ्यात जुनं खडकवासलाही गेलं, पण कल्पना टिकली. कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आजही पावसाळ्यात येते.

घरच्या टाकीला आणि शेततळ्याला हेच तत्त्व लागू आहे, फक्त पाणी कशानं येतं ते आधी पाहावं लागतं. नळाचं पाणी आपल्या दाबानं येत असेल तर फ्लोट व्हॉल्व्ह पुरतो: पाण्याबरोबर चेंडू वर येतो, त्याचा दांडा तोंड बंद करतो. मोटारीच्या पाइपाला मात्र नुसता व्हॉल्व्ह लावू नये. तोंड बंद झालं तरी मोटार आत पाणी ढकलतच राहते, पंप तापतो, जोड निखळतात. तिथे वीज तोडणारा फ्लोट स्विच हवा. वायरला बांधलेला पोकळ प्लॅस्टिकचा डबा पाण्यावर तरंगतो. पाणी चढलं की तो कलतो आणि आतला स्विच बंद होतो, पाणी उतरलं की लोंबकळतो आणि स्विच पुन्हा चालू होतो. वायरवर एक वजन असतं. वजन आणि डबा यांच्यात जेवढी मोकळी वायर, तेवढं चालू-बंदच्या पातळ्यांतलं अंतर. हे अंतर फार कमी ठेवलं तर पाण्याच्या हेलकाव्यानंही मोटार चालू-बंद होत राहील आणि वाइंडिंग जळेल. विहिरीतही असंच एक फ्लोट हवं, म्हणजे खालचं पाणी संपलं तर मोटार कोरडी चालणार नाही. वर जागा आहे आणि खाली पाणी आहे, या दोन्ही गोष्टी जुळल्या तरच मोटार चालावी.

यावर पहिली हरकत अशी की वाहिलेलं पाणी मातीतच मुरतं, वाया जात नाही. काही मुरतं हे खरं, पण तेच पाणी परत उपसायला पुन्हा वीज लागते आणि तुटलेला बांध मुरलेल्या पाण्यानं दुरुस्त होत नाही. गावात टाकीवरून वाहणारं पाणी तर गटारात जातं. जलजीवन मिशननं माणशी रोज ५५ लिटरचं प्रमाण धरलं आहे. ताशी ३,००० लिटर देणारी मोटार अर्धा तास जादा चालली तर २७ माणसांचं दिवसाचं पाणी गेलं. दुसरी हरकत मोबाइल स्टार्टरची: घरबसल्या फोनवरून मोटार बंद करता येते, मग फ्लोट कशाला? मोबाइल स्टार्टरनं रात्रीची पायपीट वाचते, हा त्याचा मोठा गुण. पण बंद करण्याची आठवण माणसालाच ठेवावी लागते, आणि दहाव्या पाळीत पहाटे तीन वाजता ती राहत नाही. तिसरी हरकत सगळ्यांत वजनदार आहे: फ्लोट अडकतं, वायर उंदीर कुरतडतात, आणि मग भरवसा कशावर ठेवायचा? म्हणूनच जोडणी अशी करावी की वायर तुटली तर मोटार बंद पडेल, चालू राहणार नाही. पाण्यातल्या फ्लोटला मेन लाइनची वीज देऊ नये. कमी व्होल्टेजचं सर्किट आणि रिले वापरावा. एवढं करूनही टाकीचा ओव्हरफ्लो पाइप आणि तळ्याचा सांडवा मोकळाच ठेवावा.

ऑटोस्विचबद्दल महावितरण वर्षानुवर्षं जे सांगतं तेही इथे लक्षात घ्यायला हवं. वीज येताच फिडरवरचे सगळे पंप एकदम सुरू होतात, सुरुवातीला प्रत्येक मोटार नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते आणि डीपी जळते. तळं भरलेल्याची मोटार फ्लोटमुळे सुरूच झाली नाही, तर त्या झटक्यातून तेवढा भार कमी होतो. ज्यांना ऑटोस्विच सोडवत नाही त्यांनी निदान प्रत्येकानं वेगवेगळ्या मिनिटांचा टायमर लावावा. आणि रब्बीसाठी तळं भरायला घेण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलवून तळ्यात एक आणि विहिरीत एक फ्लोट बसवून घ्यावं. ग्रामपंचायतीनंही जलकुंभावर ते आहे आणि चालतं आहे, हे एकदा वर चढून तपासून घ्यावं.