खोक्याची गिटार आणि आवाज पकडणारी चकती

ताई-मावश्यांनो, तुणतुणं आपण सगळ्यांनीच पाहिलंय. गोंधळात किंवा पोवाड्यात शाहिराच्या मागे उभा राहून एक जण ते वाजवत असतो. एक पोकळ डबा, तळाला चामडं, एक काठी, एक तार, एक खुंटी. झालं वाद्य. आज ज्या वाद्याबद्दल लिहितेय ते याच जातकुळीतलं आहे, फक्त जन्मलं अमेरिकेत. त्याला म्हणतात सिगार बॉक्स गिटार.

सिगार म्हणजे तंबाखूच्या पानांची जाडजूड विडी. नाकं मुरडू नका, आपल्याला विडी नकोय, तिचं खोकं हवंय. साधारण १८४० नंतर तिकडे सिगार लहान लाकडी पेट्यांतून विकायला लागले. सिगार संपले की हलकी, पातळ लाकडाची पेटी उरायची. कुणीतरी तिला दांडी लावली, तार ताणली आणि सूर निघाला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं. त्यातल्या छावणीत सिगारच्या पेटीचं सारंगीसारखं वाद्य वाजवणारा सैनिक एडविन फोर्ब्स या चित्रकाराने दाखवलाय.

पण हे वाद्य जास्त वाजलं ते गरिबांच्या घरात. दक्षिणेकडच्या कापूस पिकवणाऱ्या कुटुंबांत, काळ्या मजुरांच्या वस्त्यांत. कारण साधं होतं, दुकानातली गिटार परवडायची नाही. एलिझाबेथ कॉटन नावाची एक काळी मुलगी दुसऱ्यांच्या घरी घरकाम करायची. पगार महिन्याला ७५ सेंट, गिटारची किंमत पावणेचार डॉलर. म्हणजे पाच महिन्यांचा अख्खा पगार! तिने तो साठवला आणि गिटार घेतली. पुढे ती मोठी गायिका झाली. बचत गटातल्या बाईला हा हिशोब वेगळा सांगायला नको. ज्यांना एवढं साठवणं जमलं नाही, त्यांनी खोकं घेतलं. कार्ल पर्किन्स या नावाजलेल्या गायकाची पहिली गिटार त्याच्या वडिलांनी सिगारची पेटी आणि झाडूचा दांडा जोडून केली होती. वडील दुसऱ्याच्या शेतात वाट्याने कापूस पिकवायचे.

आता बनवायची कशी ते बघू. आपल्याकडे सिगारची पेटी मिळणार नाही, पण सुक्या मेव्याची पातळ प्लायवूडची पेटी चालते. बिस्किटाचा पत्र्याचा डबाही चालतो, त्याचा आवाज जरा झणझणीत येतो. दांडी तीन फूट लांब, दीड-दोन इंच रुंद आणि सरळ, कडक लाकडाची घ्या. ती पेटीच्या एका बाजूने आत घालून दुसऱ्या बाजूने बाहेर काढायची. का? तीन तारा ताणल्या की त्यांची ओढ मिळून वीस किलोच्या आसपास जाते. ती ओढ दांडीने सोसायची, नाजूक पेटीने नाही. म्हणून तारांचं खालचं टोकसुद्धा पेटीला न बांधता दांडीच्या बाहेर आलेल्या टोकाला अडकवायचं. आणि पेटीच्या आत दांडी झाकणाला टेकू देऊ नका. तिथे ती थोडी तासून घ्या. झाकण थरथरलं तरच आवाज येतो.

वरच्या टोकाला गिटारच्या तीन खुंट्या. तारा वर आणि खाली एकेका बोल्टवर टेकवायच्या. या दोन बोल्टमधलं अंतर २४ इंच ठेवा. खालचा बोल्ट झाकणावर येतो. त्याला आपण घोडी म्हणू. तारा लावायच्या सा, प आणि वरचा सा. तंबोऱ्यातलेच सूर आहेत, कानाला ओळखीचे वाटतील.

आता मला सगळ्यात आवडलेला भाग. बोट कुठे दाबलं की कुठला सूर येईल? यासाठी महागडं यंत्र लागत नाही, सुताचा दोरा लागतो. २४ इंचांचा दोरा घ्या. दुमडून दोन भाग करा. वरच्या बोल्टपासून एक भाग, म्हणजे १२ इंचांवर, वरचा सा मिळतो. तीन भाग केले तर पहिल्या भागावर, ८ इंचांवर, प. चार भाग केले तर ६ इंचांवर म. पाच भाग केले तर पहिल्या भागावर ग आणि दुसऱ्या भागावर ध. नऊ भागांतला पहिला भाग रे. उरला नि, तो साधारण ११.२ इंचांवर. घडी घालून सप्तक तयार! तार दाबली की ती थोडी जास्त ताणली जाते, त्यामुळे शेवटी कानाने केसभर मागेपुढे करावं लागतं. या खुणांवर पितळी तारेचे पडदे ठोका, नाहीतर नुसत्या पेन्सिलच्या रेघा ठेवा आणि तारेवरून काचेची छोटी बाटली सरकवत वाजवा. मला बाटलीचाच आवाज जास्त आवडतो, गळ्यातल्या मींडेसारखा येतो.

एवढ्याने वाद्य घरात ऐकू येईल. मंडपात नाही. त्यासाठी ती चकती. तिला पिएझो म्हणतात. रुपयाच्या नाण्याएवढी पितळेची पातळ चकती, वर पांढरा थर. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात १०-२० रुपयांत मिळते. १८८० साली जॅक आणि पिएर क्युरी या भावांना दिसलं की काही स्फटिक दाबले की त्यांच्यात वीज तयार होते. चकती तेच करते. झाकण थरथरतं, चकती दाबली जाते, बारीकशी वीज निघते आणि अॅम्प्लिफायर ती मोठी करतो. चकती घोडीच्या जवळ, झाकणाच्या आतून चिकटवा. पांढऱ्या थराची वायर जॅकच्या टोकाच्या पिनला आणि पितळेची दुसऱ्या पिनला जोडायची. सोल्डरिंग म्हणजे कथलाचा डाग, तो पटकन द्या. जास्त तापलं तर पांढरा थर सुटतो.

इथे थोडं थांबते. भजनी मंडळात टाळ बाईच्या हातात असतात, माइकची वायर मात्र दुसऱ्याच कुणाच्या हातात. "हात लावू नकोस, शॉक बसेल" हे मुलींनाच जास्त ऐकवलं जातं. तर स्पष्ट सांगते, या चकतीने शॉक बसत नाही. धोका असतो तो घरच्या विजेवर चालणाऱ्या अॅम्प्लिफायरमध्ये. तो बिघडलेला असेल आणि घरात अर्थिंग नसेल, तर वीज वायरीतून वाद्यापर्यंत येऊ शकते. म्हणून सुरुवात ९ व्होल्टच्या बॅटरीवरच्या छोट्या अॅम्प्लिफायरने करा. काही जण जॅकची वायर तारांनाही जोडतात. तुम्ही जोडू नका, चकतीला त्याची गरज नसते. गुणगुण ऐकू आली तर जाळीचं आवरण असलेली वायर वापरा. आणि स्पीकरसमोर बसू नका, नाहीतर शिट्टी वाजत राहील.

हा धंदा म्हणून करा असं मी म्हणत नाही. यासाठी गटातून कर्ज तर मुळीच काढू नका. चार-पाच जणींनी मिळून आधी एक बनवा, सगळ्यात जास्त खर्च खुंट्या आणि तारांचा येतो. सोल्डरिंगचं हत्यार गावातल्या मोबाईल दुरुस्तीवाल्याकडे असतं. तो म्हणेल, "द्या काकू, मी करून देतो." त्याला सांगा, डाग मीच देणार, तू फक्त शेजारी उभा राहून बघ.